आधी नाव, मग पाणी

गायकवाड सर समुद्रापर्यंत चालत पोचले की पैठणला एस.टी.त बसले, यावर अंबाजोगाईत अजून भांडणं होतात. सर वारले त्याला वर्ष होत आलं, तरी आमच्या चहाच्या टपरीवर विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, माणूस हट्टी होता, गेलाच असेल. दुसरा म्हणतो, "आवो, खडू आणायला शिपाई धाडणारा माणूस कल्याणपर्यंत चालल का? आन् गेलते तर फोटो कुठं हाय?" हल्ली फोटो नसला की माणूस गेलाच नाही असं धरतात. उद्या माझा जन्म झाला की नाही यावरही फोटो मागतील.

शेवटी सगळे माझ्याकडं बघतात, कारण सोबत मी होतो. मी सांगतो, बाबांनो, मी गोदावरीच्या काठापर्यंतचा साक्षीदार. त्यापुढचं गायकवाड सर जाणोत आणि त्यांचे सातवाहन जाणोत.

सातवाहन हे सरांचे जवळचे नातेवाईक होते. निदान ते बोलायचे तसंच. आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, पण वर्गात नकाशा टांगला की काठी आपोआप तेरवर जायची. तेरहून बैलांवर कापड, मणी, मसाले लादून तांडे निघायचे, पैठण, जुन्नर करत नाणेघाट उतरायचे, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात माल गलबतावर चढायचा आणि पार रोमला जायचा, हे सर इतक्या तपशिलानं सांगायचे की पोरांना वाटायचं सरांनी स्वतः हिशेबाला बसून पोती चढवलीत. पावसाचे प्रकार शिकवायचे राहून जायचे. आमच्या शाळेची पोरं परीक्षेत मोसमी वाऱ्यांवर दोन ओळी लिहायची आणि रोमवर पुरवणी जोडायची.

मी गणिताचा. माझं आडनाव जगताप, गाव सिरसाळा. सरांच्या लेखी ही माझी दोन व्यंगं होती. गणितवाल्याला इतिहास कळत नाही, आणि सिरसाळ्याला इतिहासच नाही. "जगताप, तुज्या सिरसाळ्याला त्या काळी कुत्रं सुदिक जात नव्हतं बे," असं ते भर स्टाफरूममध्ये म्हणायचे. त्यांचं घाटनांदूर मात्र थेट व्यापारी मार्गावर. आता तेरहून पैठणला जायचं तर घाटनांदूर वाटेत कसं येईल? कुणी बार्शीहून पुण्याला नांदेडवरून जातं का? मी नकाशा पसरून दाखवला. सरांनी चष्मा वर करून नकाशाकडं असं बघितलं, जणू चूक नकाशाची आहे. म्हणाले, "ती उपशाखा होती." संपलं. भूगोलाच्या मास्तरानं भूगोलाला असा हात दाखवलेला मी पुन्हा पाहिला नाही.

पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला पेन, दोन्ही हात पाठीमागं आणि हनुवटी वर. निवृत्त झाल्यावरही पेन सुटलं नाही. चालायला निघतानाही पिशवीत इस्त्रीचे शर्ट आधी भरले आणि भाकरी नंतर. त्यांच्या बायको सुमनबाई म्हणाल्या, "घरचं दळण आणायचं तर ह्यांचा गुडगा दुखतो. आन् निघाले समुद्राला! समुद्र काय पळून चाललाय व्हय?" सर म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." सुमनबाईंना सगळं कळत होतं. त्यांनी माझ्या पिशवीत गुडघ्याची मलमं भरली. सरांच्या नव्हे, माझ्या, कारण सरांनी ती पहिल्याच नाल्यात फेकली असती.

पण सरांची खरी खोड वेगळीच. कुणाच्याही दारात पाणी घ्यायच्या आधी ते आपलं नाव सांगायचे. अर्धं नाही, पुरतं. "मी विश्वनाथ किसन गायकवाड. मुक्काम घाटनांदूर, भीमनगर. बौद्ध. आता द्या पाणी." बँकेत, लग्नात, सायकलच्या दुकानात, सगळीकडं हेच. समोरच्यानं विचारलं असो वा नसो. लोक हैराण व्हायचे. एकदा दवाखान्यात सलाइन लावायला आलेल्या नर्सलाही त्यांनी हे ऐकवलं. ती म्हणाली, काका, मला फक्त शीर दाखवा.

याला कारण होतं. आमच्याकडं आडनाव सांगितलं की लगेच पुढचा सवाल येतो, "कोणचे?" आणि गायकवाड हे आडनाव पाटलाच्या घरातही असतं आणि भीमनगरातही. नोकरी नवी असताना सर एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलते. गायकवाड म्हटल्यावर त्या घरानं आपणच सोयरीक जोडली, आग्रह करकरून वाढलं. हात धुताना म्हाताऱ्यानं "कोणचे?" विचारलं, सरांनी सांगितलं, आणि सबंध घर गप झालं. कुणी वाईट बोललं नाही हो. फक्त गप झाले. सर ती हकीकत सांगताना हसायचे. "जगताप, पाणी पोटात गेल्यावर इचारतेत. मंग काय वकून द्यावं? त्याच्यापरीस आधीच सांगावं. ज्याला द्यायचं त्यानं द्यावं."

आता या खोडीची आणि त्या तांड्यांची सरांनी गाठ मारली. त्यांचं म्हणणं असं, की रस्ता म्हणजे माती-दगड नव्हे. तांडा जिथं पाणी मिळतं तिथूनच जातो. जिथं वाटसराला पाणी मिळालं तो रस्ता, आणि जिथं नाही मिळालं ते नुसतं रान. म्हणून आपण घाटनांदूरहून निघायचं, दर गावात पुरतं नाव सांगायचं आणि तांब्यातून पाणी मागायचं. गोदावरीपर्यंत प्रत्येक गावानं पाजलं तर रस्ता अजून जिता आहे, मग पुढं समुद्रापर्यंत जायचं. एका जरी गावानं नाही पाजलं तर तिथून मागं फिरायचं. मी म्हटलं, सर, हा इतिहास आहे का अंगात आलंय? म्हणाले, "तू चल. तुजं तेवढंच वजन कमी होईल."

जाहीर केलं तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांनी येतो म्हटलं. निघायच्या सकाळी मी एकटा हजर. बाकीच्यांच्या घरी एकाच दिवशी एवढे पाहुणे कसे आले, कोण जाणे.

पण एक भावी आमदार हजर होते. आमच्याकडं दर चौकाला एक भावी असतोच. त्यांनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "सर, मागणी काय ल्हायची?"

"मागणी न्हाई."

"मंग चालता कावून?"

सरांनी त्यांना फोनवर रोम समजावून सांगितलं. भावींनी सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी बॅनर आणला. वर त्यांचा स्वतःचा फोटो, पोटापर्यंत. खाली कोपऱ्यात तिकिटाएवढे गायकवाड सर. मजकूर, "विविध मागण्यांसाठी भव्य पदयात्रा". भव्य म्हणजे आम्ही दोघं. भावींनी हिरवी झेंडी दाखवली, फोटो काढले आणि गाडीत बसून निघून गेले. सरांनी बॅनरची शांतपणे घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि दुपारी लिंबाखाली पसरून भावींच्या बरोब्बर तोंडावर बसले. "कापड चांगलं हाय," म्हणाले. पुढं सबंध वाटभर ते त्याच जागी बसत गेले.

चालण्यात सर वाईट नव्हते, वाट काढण्यात भयंकर होते. वाट चुकली असं त्यांनी एकदाही कबूल केलं नाही. उसाच्या फडात शिरून बाहेर पडायला जागा सापडेना तेव्हा म्हणाले, तांडे उन्हातून आडोशालाच वळायचे. बालाघाटाच्या डोंगरात तर कमाल झाली. समोर पाझर तलाव, आणि सरांची नकाशावरची रेघ थेट तलावातून. मी म्हटलं, कडेनं जाऊ. म्हणाले, "तलाव काल झाला. रस्ता आधीचा हाय." आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून निघाले. दहा पावलांत चिखलानं एक बूट गिळला. तिथं उभे राहून त्यांनी मला पाणलोट विकासावर व्याख्यान दिलं. शेवटी एका धनगरानं काठी देऊन त्यांना बाहेर ओढलं. बूट तिथंच आहे. पुढं कुणाला उत्खननात सापडला तर तो सातवाहनांचा नव्हे, एवढं मी आत्ताच सांगून ठेवतो.

त्या धनगरानं काठी पुसत विचारलं, "कुनीकडं निघालात?"

"समुद्राला," सर म्हणाले.

"तिथं कोन्चा देव हाय?"

"देव न्हाई."

"मंग मोर्चा हाय का?"

"मोर्चा बी न्हाई."

धनगरानं माझ्याकडं बघितलं. ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा तो बघण्याचा अर्थ. मी खांदे उडवले. मला तरी कुठं माहीत होतं?

हे दर गावात व्हायचं. आमच्या भागात माणूस एवढा चालतो तो एकतर देवाला नाहीतर सरकारविरुद्ध. दोन्ही नसेल तर भानगड असते. एका गावात बायांनी पायावर घालायला घागर आणली. सर मागं सरकत म्हणाले, "बाई, आमी देवाचे न्हाई, आमी व्यापाराचे." तिनं घागर खाली ठेवली आणि विचारलं, मंग काय विकता? दुसऱ्या गावात सरपंचानं आम्हाला बळंच पुलाची मागणी दिली. म्हणाला, "तुमची न्हाई तर आमची घेऊन जावा, रिकामे कशाला चालता?"

आणि प्रत्येक दारात ते नाव. मी उन्हानं करपलेलो, जीभ टाळूला चिकटलेली, समोर गार पाण्याचा तांब्या, आणि सर मध्ये उभे राहून आपली जन्मपत्री वाचतायत. संतापानं माझा तिळपापड व्हायचा. पण खरं सांगायचं तर बहुतेक दारांनी पाणी दिलं. कुणी नीट दिलं, कुणी तोंड वाकडं करून दिलं, एका म्हातारीनं "आयकू येत न्हाई, मोठ्यानं बोला" म्हणून सरांना तीनदा सगळं म्हणायला लावलं आणि मग म्हणाली, "असाल तिकडचे. प्या." चकलांब्याला तर एका घरानं पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला, आणि नाव ऐकून घराचा मालक म्हणाला, "बरं, भाकर बी खाऊन जावा." सर त्या रात्री बॅनरवर बसून इतके फुगले होते की विचारू नका. "बघितलं का जगताप? जिता हाय रस्ता." मलाही बरं वाटलं. आम्ही गोदावरीच्या जवळ आलो होतो, मध्ये एकच मोठं गाव उरलं होतं.

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. मला अजून त्या रस्त्यानं जायचं असतं.

गावात आम्ही उन्हाच्या कहरात पोचलो. गावाचे पुढारी आबा ओसरीवर बसलेले, भोवती चार मंडळी. तालेवार माणूस. ओसरीला ग्रॅनाइट, दारात पांढरी गाडी. आम्हाला बघून आबांनी आत हाक दिली आणि एक गडी तांब्या-फुलपात्र घेऊन आला. मी कडेला होतो, माझ्या हातात पहिलं फुलपात्र पडलं आणि मी ते घटाघटा रिकामं केलं. तोवर सरांचं सुरू झालं होतं.

"मी विश्वनाथ किसन गायकवाड..."

"आरं या या!" आबा उठून उभे राहिले. "गायकवाड म्हंजी आपलेच की! आमची आत्या दिलीय गायकवाडात. कोणचे तुमी?"

"मुक्काम घाटनांदूर, भीमनगर. बौद्ध. आता द्या पाणी."

गडी तांब्या घेऊन सरांच्या दिशेनं निघाला होता तो मध्येच थांबला. आबांचा चेहरा जराही हलला नाही. पुढाऱ्याचा चेहरा तो. फक्त गड्याला म्हणाले, "आरं, पाव्हण्यायला डिस्पोजल आण. स्वच्छ ऱ्हातंय."

गडी आत गेला आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या ग्लासांची चवड घेऊन आला. सर म्हणाले, "तांब्या चांगला हाय की."

आबा काय लेचेपेचे नव्हते. सर कशावर बोट ठेवतायत ते त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं, आणि असा डाव टाकला की मी मनातल्या मनात हात जोडले. "सगळ्यायलाच डिस्पोजल द्या रे!" म्हणाले. "हितं कुणी ल्हान न्हाई, कुणी मोठं न्हाई." माझ्या हातातलं फुलपात्र काढून कठड्यावर ठेवलं आणि मलाही प्लास्टिकचा ग्लास दिला. चौघांना दिले. स्वतः घेतला, उंच धरला, आणि प्यायले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एकानं फोटो काढला. समतेचा असा झटपट कारखाना मी दुसरीकडं पाहिला नाही.

सरांनी आपला ग्लास भरलेलाच कठड्यावर ठेवला आणि पायरीवर बसले.

"काय झालं सर?" आबा म्हणाले.

"तांब्यातून पाणी मिळंस्तोवर बसतो हितंच."

आणि काय सांगू, सबंध गाव खूश झालं! इतक्या गावांत आमचं कोडं कुणाला सुटलं नव्हतं. इथं सुटलं. मागणी! ह्यांची मागणी आहे! बातमी फिरली तशी माणसं गोळा झाली. कुणीतरी सतरंजी आणली. कुणी म्हणालं मांडव टाकू. एकानं तालुक्याच्या पत्रकाराला फोन लावला. एक जण माझ्या कानात येऊन म्हणाला, उपोषण सोडवायला लिंबूपाणी लागतं, ते कशात द्यायचं? मी म्हटलं, हाच तर वाद आहे बाबा.

मग आबांचे विरोधक आले. गावात आबा आहेत म्हणजे विरोधकही असणारच. त्यांनी तिथंच जाहीर पाठिंबा दिला. छाती पुढं काढून म्हणाले, "सर, आमच्या घरी चला. चांदीच्या तांब्यात पाजतो!"

सर त्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या गावच्या भीमनगरातलं कुणी प्यालंय का तुमच्या घरी? कवा?"

विरोधकांना एकदम कुणाचा तरी फोन आला.

एवढा वेळ मला गंमत वाटत होती. मग गर्दीच्या मागून एक वयस्कर गृहस्थ पुढं आले. त्याच गावचे, सरांच्याच समाजाचे. सरांच्या शेजारी टेकले आणि हळू म्हणाले, "सर, आमच्याकडं चला. पोटभर पाणी प्या, जेवा. तुमी उद्या समुद्रावर जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

सरांची हनुवटी खाली आली. वाटभरात पहिल्यांदा. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते, सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता. मला खरंच भीती वाटली. हा माणूस इथं कोसळला तर सुमनबाईंना मी काय तोंड दाखवू? मी म्हटलं, सर, उठा, बास झालं, जीव द्यायचा आहे का एका भांड्यासाठी? मी त्यांच्यावर ओरडलोच.

त्या गृहस्थांचा हात हातात घेऊन सर म्हणाले, "दादा, तुमचं पाणी मी जल्मापासून पितोय. त्याची परीक्षा घेऊन काय करू?" माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

तेवढ्यात आतून आबांच्या बायको बाहेर आल्या. पदर खोचलेला, हाताला पीठ. गर्दीवर एक नजर टाकली तशी पुढची माणसं मागं सरकली. आबा काही बोलायच्या आत त्यांनी गड्याच्या हातातला तांब्या घेतला आणि सरांच्या पुढ्यात धरला. सर उठून उभे राहिले, हात मागं गेले, हनुवटी वर. "मी विश्वनाथ किसन..."

"कवाच आयकलं," बाई म्हणाल्या. "साऱ्या गावानं आयकलं. पाणी प्या आन् निघा. दारात जत्रा भरवलीय, माजा सैपाक ऱ्हायलाय."

सरांनी तांब्या घेतला. वर धरून नाही, तोंडाला लावून प्यायले, शेवटपर्यंत. खाली-वर होणारी त्यांच्या गळ्याची घाटी मला दिसत होती आणि माझे डोळे भरून आले. का खोटं बोलू? एवढा वैताग दिला होता त्या माणसानं, तरी भरून आले. आबांनी पहिली टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आबांचा फोटो आला, "वाटसरूला पाणी पाजून सामाजिक सलोख्याचा संदेश". बाईंचा फोटो नव्हता. त्या तांब्या घेऊन केव्हाच वळल्या होत्या.

आम्ही निघालो. माझा गुडघा संपला होता, मी मागं लंगडत होतो. सर पुढं. त्यांना मागं वळून बघायची सवय नव्हती. वेशीपाशी मी वळून बघितलं. ओसरी जवळजवळ रिकामी झाली होती. आबा बायकोला काहीतरी सांगत होते. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग अंगणात उतरल्या आणि तांब्या बाहेरच्या नळापाशी, गोठ्याकडच्या दगडावर पालथा घालून आत गेल्या. आता उष्टं भांडं धुवायलाच जातं, हे मलाही कळतं. पण मी प्यालेलं फुलपात्र तिथंच कठड्यावर उभं होतं, आणि त्याच क्षणी गड्यानं ते न धुता उचलून आत नेलं.

गाव मागं पडल्यावर सरांनी पुढं बघतच विचारलं, "जगताप, तांब्या कुठं ठिवला रे त्यांनी?"

"आत नेला," मी म्हणालो.

सरांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "गणितवाल्यांना उत्तर चुकलं की लगेच दिसतंय बे तोंडावर." आणि हसले. मी म्हटलं, मग आता? फिरायचं का मागं? ठरलं होतं तसं?

"बाईनं दिलं न्हवं पाणी?" ते म्हणाले. "तिनं दिलं. बाकीचं तिला घरात ऱ्हायचंय." मग जरा वेळानं, "आन् मागं फिरून काय करू? सुमन दळण आणाया लावंल."

नदीच्या पुलापाशी मी जीपमध्ये बसलो. सरांनी माझ्याकडून मलमं काढून घेतली, हे मात्र सुमनबाईंना मी कधी सांगितलं नाही, त्यांना फार आनंद झाला असता. त्यानंतरही सर कितीदा भेटले, समुद्राच्या हकीकती सांगून त्यांनी आमचे कान किटवले. पण त्यांची आठवण निघाली की मला दिसतात ते जीपच्या मागच्या काचेतून दिसलेले. पुलाच्या अलीकडं एक पत्र्याचं घर होतं. दारात एक बाप्या हातात तांब्या घेऊन उभा होता. सर त्याच्यापुढं थांबले, चिखलानं खाल्लेल्या बुटाच्या जागी कुणीतरी दिलेली चप्पल, अंगात इस्त्रीचा शर्ट. हात मागं गेले. आवाज इथवर येत नव्हता, पण ओठ हलताना दिसत होते. जीप सुटली तेव्हा ते भीमनगरपर्यंत आले असावेत.